आडीत एक तांदूळ देवाकडे

या, असे पुढे सरका. मागे बसलं की निम्मी कथा खांबच ऐकतो. आज देवादिकांची सांगत नाही. ती सांगायला बुवा समर्थ आहेत. मी सांगतो ती एका दिव्याची, एका तांदळाच्या दाण्याची आणि एका चुकीची. चूक कुणाची, ते ऐकून तुम्हीच ठरवा. मी माझा वाटा आधीच कबूल करून ठेवतो.

मी वादिराज. ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत सदतीस वर्षं कारकुनी केली. पण माझी खरी नोकरी एकादशीची. एकादशी आली की दुपारची बस धरायची, तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या मठात यायचं आणि तुळजाजीबुवांच्या कीर्तनात जाल्रा वाजवायचा. जाल्रा म्हणजे आपले लहान टाळ. बुवांनी पूर्वरंगाला तोंड फोडलं आणि माझे टाळ एकमेकांना भेटले, की पुढचे तीन तास मी कुणाचा नव्हे.

मठाचा मंडप लहानच. चोवीस फूट रुंद, दगडी खांब. पश्चिमेला देव, पूर्वेच्या भिंतीमागे कालवा. मधोमध अकरा फुटी साखळीला पितळी दिवा, त्याचं खालचं टोक निमुळतं, फरशीपासून वीतभर वर. त्या टोकाच्या बरोबर खाली फरशीत मोहरीएवढी खळगी आहे. कुणी पाडली देव जाणे. मठाची दिवाबत्ती बघणाऱ्या हिराक्का रोज सकाळी दिव्यात तेल घालायच्या आणि टोकाखाली पिठीचा ठिपका ठेवून त्याच्याभोवती कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढायच्या. सासूनंतर हे काम त्यांच्याकडे आलं, त्याला चौऱ्याण्णव साली एक्केचाळीस वर्षं झाली होती.

त्या साली गावात सगळ्यांना सगळंच नवं हवं होतं. टीव्हीवर नवी चॅनलं, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ. आमच्या विश्वस्तांचे अध्यक्ष प्रतापसिंहराव मोपेडी विकत, आणि त्या धडाधड विकल्या जात. त्यांना मठाला लागून, देवामागच्या अंगाला, दोन मजली भोजनशाळा हवी होती. हेतू चांगला. पण मंडपाच्या पूर्वेच्या भिंतीला कोपऱ्यापासून वर एक भेग गेलेली. रावसाहेब म्हणाले, "हा म्हातारा खचतोय. नव्याला म्हाताऱ्याचा टेकू कशाला? हा पाडा, सगळं एकदम नवं बांधू."

मी म्हटलं, "राव, इथं तीन पिढ्यांनी कीर्तन ऐकलंय."

"काका, तुमचा जाल्रा चुकला तर देव माफ करतो. सिमेंट माफ करत नाही." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार?

ठरलं ते एवढंच, की एखाद्या जाणत्याचा अहवाल घ्यावा. माझ्या मित्राची मुलगी विनुता त्रिचीत शिकून आली होती आणि गावाबाहेरच्या नव्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होती. इमारत आणि तिच्याखालची माती एकमेकांना कशी दाबतात, कशी सावरतात, याचं गणित ती संगणकावर मांडायची. अहवालाखाली सही करायची तिची ही पहिलीच वेळ. तिने तमिळ पंगुनी महिन्यात, म्हणजे चैत्राच्या तोंडावर, कालव्याच्या बाजूला दोन आणि देवाच्या बाजूला एक असे खड्डे घेतले, चिकणमातीचे नमुने नेले.

मला या गोष्टींचं फार कुतूहल. म्हटलं, "पोरी, संगणकात माती घालतेस तरी कशी?"

ती म्हणाली, "माती नाही घालत काका, स्प्रिंगा घालते. समजा मंडपाखाली शेकडो स्प्रिंगा उभ्या आहेत. प्रत्येकीचा कडकपणा मी नमुन्यावरून ठरवायचा. वरून मंडपाचं वजन ठेवायचं. मग संगणक सांगतो, कुठली स्प्रिंग किती दबली आणि भिंत कुठं ताणली गेली."

"म्हणजे देव कापसाच्या गादीवर."

"कापसाच्या नाही. तुमच्या त्या मातीची गादी दगडासारखी निघालीय."

आणि तिथंच घात झाला. स्प्रिंगा कडक, म्हणून संगणकातला मंडप जागचा हलेना. माती हलत नाही आणि भिंत तर फुटलीय; याचा अर्थ दोष खालच्या दगडी पायातच, पायाच तुटलेला. विनुताने तसं लिहिलं, सही केली. रावसाहेबांनी अहवाल सभेत दोनदा वाचून दाखवला. आवणीच्या पहिल्या तारखेला मंडप पाडायचा ठरला. आवणी म्हणजे ऑगस्टचा मध्य. त्याआधीचा महिना आडी, आणि आडीत आमच्याकडे कुठल्याच कामाला हात लावत नाहीत: लग्न नाही, घरभरणी नाही, जमिनीत कुदळ नाही. म्हणून मंडपाला तेवढे दिवस मिळाले.

हिराक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्या वाती वळत होत्या. वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हा दिवा कुठं टांगतील हो?"

जूनमध्ये धरणाचं पाणी सुटलं, कालवा भरला, भात लावणीची गडबड उडाली. आडी लागला. त्यातल्या पहिल्या एकादशीला मी सकाळच्याच बसने पोचलो, तर विनुता टेप घेऊन मंडपात. पाडण्यापूर्वी मोजमापांचा एक शेवटचा नकाशा करून ठेवावा, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मन खात होतं तिचं, दुसरं काय. हिराक्का कोलम काढत होत्या. पोरगी वाकून बघत म्हणाली,

"हिराक्का, ठिपका खळगीवर नाही पडला. बाजूला गेला."

"चुकला नाही ग. आडी लागला ना."

"आडीचं काय त्यात?"

"आडीत दिवा देवाकडे झुकतो. सासूबाईंनी पहिल्या वर्षीच सांगितलेलं: आडीत ठिपका एक तांदूळ देवाकडे सरकव, पंगुनीत परत खळगीवर आण. टोकाखालीच ठिपका यायला हवा की नाही? हे वादिराजही जाणतात की."

जाणत होतो हो! तीस वर्षं ऐकत होतो. 'आडीत दिवाही नमस्कार करतो' असं बुवा कीर्तनात रंगवून सांगायचे आणि मी डोळे मिटून जाल्रा वाजवायचो. सभेत अहवाल वाचला जात होता तेव्हासुद्धा मला हे आठवलं नाही. भक्तीची गोष्ट भक्तीच्या कप्प्यात, मातीची मातीच्या कप्प्यात. हा माझा वाटा.

विनुता फरशीवर मांडी घालून बसली. टोकाला ओळंबा लावला. ठिपका बरोबर, खळगी मागे. "दर वर्षी? आणि परत येतो?"

"दर वर्षी. पाणी आलं की जातो, पाणी गेलं की येतो. ती भेगसुद्धा तशीच. आडीत माझं बोट जातं तिच्यात, पंगुनीत नख जात नाही."

"पण दिवा कसा सरकेल? तो तर सरळ लोंबतोय."

हिराक्का हसल्या. "शिकलेली ना तू? इडलीला उडीद भिजत घालतेस, वर ताट ठेवतेस. सकाळी ताट कुठं असतं?"

"वर आलेलं असतं," विनुता म्हणाली. आणि एकदम तिने कपाळावर हात मारला. "काका, मी खड्डे कधी घेतले? पंगुनीत. कालवा कोरडा. कॉलेजातले जुने आकडे पाहिले, तेही मासी-पंगुनीतले, कोरड्या दिवसांतले. आडीत इथं कुणी कुदळच मारत नाही! या मातीचा ओला आकडा आजवर कुणी घेतलाच नाही. मी भिजलेल्या उडदाचं गणित कोरड्या उडदावर केलं."

मला म्हणाली, कालव्याकडची माती पाणी पिऊन फुगते, मंडपाची ती कड उचलते, छत देवाकडे कलतं, आणि सरळ लोंबणारा दिवा फरशीवरून देवाकडे सरकल्यासारखा दिसतो. पण हे बोलणं झालं, आकडा नव्हे. आकड्यासाठी आत्ताच, आडीतच, खड्डा घ्यायला हवा.

ती तशीच रावसाहेबांकडे गेली. "माझा अहवाल चुकला असावा," असं स्पष्ट म्हणाली. पहिल्या सहीला चूक म्हणायला छाती लागते. मी तिथं होतो. रावसाहेब म्हणाले, "आडीत खणायचं? आणि मठाच्या आवारात? उद्या कुणाच्या घरी काही झालं तर लोक माझ्या दारात येतील. अहवाल झाला तो झाला."

आता माझ्याजवळ एकच दार होतं. बुवा पागोटं बांधत होते, त्यांच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, बस्स. संध्याकाळी पूर्वरंगात विषय निघाला रोग्याचा आणि वैद्याचा. बुवा गात गात थांबले, पहिल्या रांगेत बसलेल्या रावसाहेबांकडे न बघता म्हणाले, "लग्नाला मुहूर्त बघावा. पण घरात ताप आला, तर वैद्य नाडी बघण्यापूर्वी पंचांग मागतो काय? मागितलं तर तुम्ही त्याला फी द्याल काय?" मंडप खदखदा हसला. मी जाल्रा असा वाजवला की काय सांगू! रावसाहेब उठताना मला म्हणाले, "काका, हे तुमचंच काम." पण हसत होते. "घ्या नाडी. हातभरच खणा हं."

हातभर कुठलं, पंधरा फूट लागलं. माती कणकेसारखी निघाली. चार दिवस कॉलेजात तिची तपासणी झाली आणि पाचव्या दिवशी सकाळी विनुताने मला संगणकापुढे बसवलं. कालव्याकडच्या स्प्रिंगा आता मऊ, आणि त्यांना खालून फुगवट्याचा रेटा. देवाकडच्या तशाच कडक. "वेळ लागेल," म्हणाली. मी जपाची माळ काढली. तीन माळा झाल्या, चौथी अर्धी झाली तेव्हा प्रिंटर करकरायला लागला.

कागदावर होतं: पूर्वेची कड अर्धा इंच वर. अकरा फुटी साखळीखाली त्यामुळे येणारा फरक पाच पूर्णांक आठ मिलिमीटर.

विनुताने पर्समधून कागदाची पुडी काढली. हिराक्कांकडून आणलेला एक तांदूळ. पट्टीवर ठेवला. सहाला किंचित कमी. मी उठून त्या प्रिंटरला नमस्कार केला. पोरगी हसत हसत रडली.

सभेत तोच दाणा रावसाहेबांनी स्वतः पट्टीवर ठेवून बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. नवा अहवाल सोपा होता. पाया शाबूत आहे. मंडप दर वर्षी उठतो आणि बसतो. भेग म्हणजे त्याचं श्वास घेणं. तिच्यात चुना भरावा, कारण चुना थोडं सावरून घेतो. सिमेंट भरू नये. भोजनशाळा बांधावी, पण मंडपाला चिकटवू नये. नव्याचा पाया खोल न्यावा आणि दोघांत चार बोटांची फट सोडावी.

रावसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "सिमेंट माफ करत नाही म्हटलं होतं ना मी? बघा, बरोबरच निघालं!" हरायलाही असा माणूस हवा. पुढच्या तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास, भोजनशाळेची पायाभरणी झाली, आज तिथं शंभर पानं उठतात. आडीत ती फट थोडी अरुंद होते, पंगुनीत पुन्हा मोकळी. विनुताची मुलं तिच्यात बोट घालून बघतात.

त्या अहवालाच्या शेवटी एक तक्ता आहे: कुठली माहिती कुठून घेतली. खड्डा, तपासणी, नकाशा, आणि मग एक ओळ: 'मंडपाच्या कलण्याचं निरीक्षण, वर्षं एक्केचाळीस, श्रीमती हिराबाई.' मी ती ओळ हिराक्कांना वाचून दाखवली. त्यांना तमिळ अक्षरं वाचता यायची, देवनागरी येत नसे. म्हणाल्या, "माझं नाव कशाला? दिव्याचं घालायचं."

हिराक्का गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. ठिपका विनुताची मुलगी ठेवते. तुम्ही कधी आडीत तंजावुराला आलात तर मठात या, मंडपात खाली बघा. खळगीपासून एक तांदूळ देवाकडे पांढरा ठिपका असेल. तो पाऊल टाकून पुसू नका. आणि हात जोडाल तेव्हा देवाच्या नावाबरोबर एकदा हिराबाईंचं नाव घ्या.