कमानीतल्या दोघी

ताईकडे जायचं म्हणजे धाकटीच्या जिवावर आलं होतं. पण गरजच अशी पडली, की गेली मुकाट्यानं. माणसांच्या शरीरांतून शिल्पं रचायची आणि त्यांचे फोटो काढायचे, हे तिचं काम. त्यातलं एक शरीर बहुतेकदा तिचं स्वतःचंच. या वेळी दोघींनी पाठीला पाठ टेकून, पाय पुढे सरकवून कमान करायची होती. ऐनवेळी जोडीदारणीचा पाय मुरगळला, आणि अगदी धाकटीच्याच उंचीची, तिच्याच बांध्याची बाई ओळखीत एकच होती.

ताई आली. दोन वर्षांत धड बोलली नव्हती, तरी दवाखान्यातली ड्युटी संपवून आली. डोकी करड्या कापडात गुंडाळायची होती. चेहरा दिसला की लोक माणूस बघतात, आकार बघत नाहीत, असं धाकटीनं समजावलं. "बरंय, तुझं तोंड बघायला नको," ताई म्हणाली.

पहिले दहा फोटो वाया गेले. ताई पडली नर्स. वीस वर्षं रोग्यांना उठवण्या-बसवण्यात गेलेली. पाठीवर कुणाचा भार आला रे आला, की तिचे पाय आपोआप घट्ट रोवले जायचे आणि कणा ताठ. फोटोत कमान कसली, एक खांब आणि त्याला रेललेली बाई! धाकटीनं परोपरीनं सांगितलं. ताई हो हो म्हणायची आणि पुन्हा ताठ.

"ताई, टाक ना अंग. मी आहे ना."

कापडाआडून ताईचा आवाज आला.

"बाबा अंथरुणाला खिळले, तेव्हा चारदा फोन केला होता तुला. तेव्हा कुठे होतीस?"

धाकटीनं उत्तर केव्हाचं घोकून ठेवलं होतं. प्रदर्शन होतं, तिकीट मिळत नव्हतं, वगैरे. आता त्याची तिला लाज वाटली, खरीखुरी.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

ताईचे पाय वीतभर पुढे सरकले. मग आणखी थोडे. आणि भार आला. अगं बाई, केवढा तो भार! धाकटीच्या मांड्या लटपटायला लागल्या, पण ती दात आवळून तगली. मुठीतलं कॅमेऱ्याच्या रिमोटचं बटण दाबलं. कॅमेरा वाजला, तो दोघींनीही ऐकला.

"झालं का गं?" ताई रडत होती.

"नाही," धाकटी म्हणाली.

ताईनं डोकं मागे, तिच्या खांद्यावर टाकलं.