राहीनं मोजलेले सात मुळे

मी महिपत नावाड्याची होडी बोलतेय. भाट्याच्या खाडीकाठी उंडीच्या झाडाखाली पालथी पडलेय, म्हणून आवाज जरा दबका येईल.

दाभोळला फणसाच्या लाकडातून घडले. पहिली बारा वर्षं मुळे वेचणाऱ्या बायकांना, त्यांत महिपतच्या बायकोला, हौसेलाही, खाडीतल्या चिखलाच्या बेटावर नेलं-आणलं. मुळे म्हणजे शिंपल्यातले जीव, कालवण फक्कड होतं.

चौऱ्याऐंशी साली कॉलेजची मुलं आली. प्राणिशास्त्र विशेष विषय घेतलेली, निवडक सहा. फळ्यावरचं पुरे, आता चिखलातलं शिका, असं शिवलकर सरांचं म्हणणं. भला माणूस, पण स्वतः माझ्यातच बसून राहायचा.

पालीकडच्या खेड्यातली राही सगळ्यांआधी उतरायची. लाकडी चौकट चिखलात दाबायची, आतले मुळे हातानं उकरून मोजायची. दर पंधरवड्याला, वर्षभर. नखं काळी ती काळीच.

शेवटच्या खेपेला वही बघून सर दचकले.

"सातच? पुस्तकात एका चौकटीला चाळीस आहेत. परीक्षक पुस्तक वाचून येतात, राही. आकडा नीट कर."

"सर, मिळाले तेवढेच लिहिलेत."

"आणि नापास झालीस तर?"

तिनं खोडरबर काढलं. महिपतनं वल्हं थांबवलं. "सर, आमच्या हौसेला इचारा. यंदा तिची टोपली भरत नाय."

राहीनं वही मिटली. सात तसेच राहिले.

परीक्षक म्हातारे होते. वही वाचून म्हणाले, "मला तिथं न्या." पँट दुमडून उतरले, स्वतः उकरलं. पाच निघाले.

"का कमी झाले?"

"माहीत नाही, सर."

"मग मोजत राहा."

ती पास झाली. नोकरी लागेपर्यंत मोजत राहिली. पुढं सरांची बदली झाली, मुलांच्या फेऱ्या थांबल्या. महिपतलाही वल्हं झेपेना.

आता एकोणनव्वद साल. परवा कॉलेजची चौघं आली. बोलण्यातून कळलं, राहीची वही कपाटात आहे आणि दरसाल मुलं तिचेच आकडे उतरवून घेतात. एक आकडा पुसट झालाय, तेवढा विचारायला आली होती.

हौसा म्हणाली, "ते चार वर्सांमागचे मुळे. औंदाचे तुमी मोजा. काढा वहाणा."

चौघांनी घड्याळं बघितली. "एसटी चुकेल," म्हणून निघून गेली.

मी थकले. तळाला भोक पडलंय, आता कुणाला नेणं माझ्यानं होणार नाही. पण बाळांनो, अमावास्येच्या ओहोटीला त्या बेटावर चालतही जाता येतं. गुडघाभरच पाणी असतं.