ठरलेल्या चुका

घड्याळजींनी घसा खाकरला, पुस्तक डोळ्यांपासून हातभर लांब धरले आणि ठरल्याप्रमाणे चुकले.

"बॉन पेन," ते म्हणाले.

समोरच्या खुर्चीतून टेबलावर पेन्सिलीचे दोन ठोके पडले.

"परत," बाई म्हणाल्या.

"बॉन पेन."

"नाक." बाईंनी डाव्या हाताचे बोट स्वतःच्या नाकाला लावले. त्यांच्या तोंडाची उजवी बाजू अजून ओघळल्यासारखी होती. ती कड बोटाने वर उचलून धरत त्यांनी सावकाश म्हणून दाखवले, "बों... पँ."

चांगला पाव, एवढाच त्याचा अर्थ. पण शेवटचा 'न' जिभेवर येऊ न देता नाकात सोडून द्यायचा, ही त्यातली मेख. घड्याळजींना ती चांगली ठाऊक होती. सकाळी दाढी करताना नळ मोठा सोडून त्यांनी हाच पाव चार वेळा बिनचूक म्हटला होता. तरी आता त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, ढ विद्यार्थ्यासारखे छताकडे पाहिले आणि तिसऱ्यांदा चुकले. बाईंनी पुन्हा म्हणून दाखवले. या खेपेचा 'बों' आधीच्यापेक्षा गोल आला. घड्याळजींनी ते मनात टिपले आणि मगच बरोबर म्हटले.

बाईंनी तीस वर्षे याच पुढच्या खोलीत फ्रेंच शिकवले होते. दुपारी चारला विद्यार्थी यायचे, आणि पडद्यामागे घड्याळजी डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळे उघडून बसलेले असायचे. बाहेर दहा जण एकदम घशातून 'र' काढू लागले की ते आतून ओरडायचे, "अगं, कोणाला तरी ठसका लागलाय, पाणी दे." मग जेवणापर्यंत बाईंचा अबोला. स्वतः घड्याळजींनी फ्रेंचचा एक शब्दही शिकून घेतला नव्हता. घरात एकाला वेड असले म्हणजे पुरे, असे त्यांचे म्हणणे.

मग एका सकाळी बाईंच्या हातातून कप निसटला आणि कपापाठोपाठ शब्दही गेले. उजवा हात लुळा पडला, वाचा बसली. समजत होते सगळे. डॉक्टर म्हणाले, बोलणे हळूहळू परत येईल, फक्त बोलायचा प्रयत्न सोडू देऊ नका.

बाईंनी तो प्रयत्न सुरूच केला नाही. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची, बिचारी गोड मुलगी होती. ती चित्रांचे पत्ते मांडायची. चेंडू, कप, चावी. "हे काय आहे, सांगा बघू?" बाई तिच्याकडे शांतपणे बघायच्या आणि डाव्या हाताने एकेक पत्ता पालथा घालायच्या. ज्या बाईने शेकडो माणसांच्या तोंडात एक अख्खी भाषा घातली, तिला कोणी चेंडू दाखवून 'चें' म्हणायला लावावे? घड्याळजींना थेरपिस्टचे पटत होते आणि बाईंचेही पटत होते. घरात तीन महिने घड्याळांचीच काय ती टिकटिक होती.

एका दुपारी शेल्फवरची धूळ झटकताना बाईंचे जुने फ्रेंचचे पुस्तक घड्याळजींच्या हाती लागले. चार वाजले होते. बाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसल्या होत्या. ते बघणे घड्याळजींना सहन होईना. काहीतरी आवाज हवा म्हणून त्यांनी पुस्तक उघडले आणि जे दिसले ते अक्षराला अक्षर लावून मोठ्याने वाचून टाकले. त्या वाक्याची पार वाट लागली.

तेवढ्यात टेबलावर दोन ठोके पडले. बाईंच्या डाव्या हातात पेन्सिल होती. चूक झाली की दोन ठोके, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत.

"प... परत," बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी ते वाक्य त्या दिवशी एकोणीस वेळा म्हटले. नंतर ते स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि चहाचे पाणी आटून जाईपर्यंत रडले.

त्या दिवसापासून रोज चारला वर्ग भरू लागला. विद्यार्थी एक, वय अडुसष्ट. चेंडू म्हणायला तयार नसलेल्या बाई, नवऱ्याचा उच्चार सुधारायचा म्हटल्यावर हट्टाला पेटल्या. रस्त्याला जो फ्रेंच शब्द आहे त्यातला चमत्कारिक स्वर घड्याळजींना येईना, तेव्हा त्यांनी ओठांवर बोट ठेवले. "ओठ... ऊ." मग तोंडात बोट दाखवून, "जीभ... ई." ओठ ऊचे आणि जीभ ईची ठेवून तो स्वर काढायचा. म्हणून दाखवायचे तर स्वतःचे वाकडे तोंड सरळ करावे लागे, आणि बाई ते करत होत्या, घामाघूम होईपर्यंत. ओठ, जीभ, घसा, आत, हळू, असे एकेक करत शब्द परत येऊ लागले.

"घरी काय करून घेता तुम्ही यांच्याकडून?" थेरपिस्टने विचारले.

"मी काही करून घेत नाही," घड्याळजी म्हणाले. "माझ्याकडूनच करून घेतलं जातं."

घोळ झाला तो त्यांच्या कानामुळे. चाळीस वर्षे टिकटिकीतला फरक ऐकलेला तो कान होता, त्यात एकदा बसलेले हलत नसे. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्यांनी अख्खे पान एका दमात वाचले. पेन्सिल एकदाही वाजली नाही. बाईंनी मान डोलावली, पुस्तक मिटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. चूक नाही, तर बोलायचे कशाला?

मग घड्याळजी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. तिथली औषधवाली ही बाईंचीच जुनी विद्यार्थिनी.

"मला चुका शिकव," त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे करत सांगितले.

"काका, लोक उच्चार सुधारायला येतात."

"माझा सुधारलाय. तीच पंचाईत आहे."

त्यांनी सगळे सांगितले. औषधवालीने दोन गिऱ्हाइके थांबवून ठेवली आणि चिठ्ठीमागे लिहून दिले, नवशिके कुठे कुठे अडतात ते. घशातला 'र'. तो ऊ आणि ईमधला स्वर. नाकातले आवाज. आणि शेपूट. शब्दाच्या शेवटी लिहायचे पण उच्चारायचे नाही, अशा अक्षराला बाई शेपूट म्हणायच्या. 'लहान मांजर' म्हणजे 'प्ती शा', पण नवशिका दोन्ही शेपटांसकट 'पेटिट चॅट' करून टाकतो.

"पण जपून हं, काका," ती म्हणाली. "बाईंना शेंडी लावणं सोपं नाही. आम्हाला कधी जमलं नाही."

घड्याळजींनी ते काम घड्याळजीसारखेच केले. कुठलेही काम वेळापत्रकाशिवाय करायचे नाही, हा त्यांचा स्वभाव. सोमवारी 'र' चुकवायचा, मंगळवारी तो स्वर, बुधवारी नाक, गुरुवारी शेपूट, शुक्रवारी सगळ्याची मिसळ. प्रत्येक चूक तीनदा, चौथ्यांदा बरोबर. चिठ्ठीवर चुकांपुढे वार लिहून, ती खिशात ठेवून त्यांनी सहा आठवडे हे बिनबोभाट चालवले. बाई ठोके देत राहिल्या, म्हणून दाखवत राहिल्या, आणि दर आठवड्याला दोनचार नवे शब्द घरात येत राहिले. आपण किती हुशार आहोत, हे कोणाला तरी सांगावे असे घड्याळजींना फार वाटायचे. पण सांगणार कोणाला?

एकच खंत होती. त्या सगळ्या शब्दांपैकी एकही वर्गाबाहेरचा नव्हता. ओठ, जीभ, नाक, परत. चारच्या पुढे-मागे बाई गप्पच असत. पूर्वी त्या चिडवायच्या, टोमणे मारायच्या, शेजाऱ्यांच्या नकला करायच्या. घड्याळजींना बाई परत मिळाल्या होत्या, पण बायको अजून मिळायची होती.

बुधवारचा पाव असा पार पडला. दुसऱ्या दिवशी चारला बाई खुर्चीत बसल्या, पेन्सिल उचलली आणि टेबलावर अशी दाबली की शिसे तुटले.

"अगं, हळू. अजून चुकलो कुठे मी?"

बाईंनी पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. "टोक," त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीतल्या आपल्या टेबलाकडे बोट केले. "खण."

खणात शार्पनर होता आणि शार्पनरखाली बाईंची वर्गाची वही होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान, तासागणिक फुल्या आणि बरोबरच्या खुणा, तळाला शेरा. आजारपणापासून ती बंद पडली असणार, असे समजून घड्याळजींनी सहज शेवटचे पान उघडले.

पानावर त्यांचे स्वतःचे नाव होते. अक्षर डाव्या हाताचे, पहिलीतल्या मुलासारखे, रेघ सोडून वरखाली चालणारे. बाई लिहू लागल्या आहेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आधी नुसत्या फुल्याच फुल्या. मग फुल्या विरळ होत गेलेल्या. आणि पुस्तकातले ते अख्खे पान बिनचूक वाचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कालपर्यंत, सहा आठवडे, एकही फुली नाही. ज्या ज्या दिवशी ते तीन तीन वेळा चुकले होते, त्या प्रत्येक दिवसापुढे बरोबरची खूण होती.

खाली चौकट आखून लिहिले होते: 'सोम – र. मंगळ – ऊ ई. बुध – नाक. गुरु – शेपूट. शुक्र – सगळे.'

घड्याळजींनी खिशातली चिठ्ठी काढून शेजारी धरली. एका वाराचाही फरक नव्हता. वार बघून चुकणारा विद्यार्थी तीस वर्षांत एकही भेटला नसेल बाईंना, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आले. सहा आठवडे त्यांचे पितळ उघडे पडलेले होते आणि त्यांना चाहूलही लागू न देता बाई रोज घाम गाळत त्यांच्या खोट्या चुका खऱ्यासारख्या दुरुस्त करत होत्या.

तळाला शेरा होता. 'उच्चार उत्तम. नाटक कच्चे.'

मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढले, ते नीट येईना म्हणून पुन्हा काढले, वही होती तशी खणात ठेवली आणि तोंडावर पाणी मारून बाहेर आले. बाईंनी पेन्सिल घेतली. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

घड्याळजींनी पुस्तक उघडले. धडा लहान मांजराचाच होता. पण चूक काही केल्या तोंडातून निघेना. आता चुकायचे तरी कोणासाठी, आणि नाही चुकले तर त्या खुर्चीतून पुढे आवाज येईल का? शेवटी त्यांनी पान सावरले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे बरोबर वाचले. 'र' घशात राहिला, 'न' नाकात गेला, मांजराला एकही शेपूट राहिले नाही.

पुस्तक खाली घेऊन ते थांबले. पेन्सिल हलली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा एक मिनिट पुढे सरकला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, तीन महिने बघायच्या तशाच.

आणि मग टेबलावर दोन ठोके पडले.

"काय चुकलं?" घड्याळजींनी विचारले.

बाईंनी मान वळवली. ओघळलेली कड सावरायला त्यांनी बोट तोंडाशी नेले, पण मध्येच तो हात खाली घेतला आणि तशाच वाकड्या ओठांनी, शब्द शोधत शोधत म्हणाल्या,

"अहो... आज... गुरुवार ना?"