वेल्कोचा बंद पडणारा कॉम्प्युटर

वेल्को माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. सगळी नोकरी त्याने आमच्या लोम गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुरुस्ती करण्यात काढली. आमच्या इमारतीत कुणाची इस्त्री बिघडली, कुणाचा रेडिओ मुका झाला, की माणूस आधी त्याचं दार वाजवतो. वस्तू हातात घेतली की तो ती कानाशी नेतो, जरा हलवतो आणि म्हणतो, "हं, कळलं." हे "कळलं" मी इतक्यांदा ऐकलंय, की त्या हिवाळ्यात ते ऐकू येईना तेव्हा मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

त्याची आणि त्याची बायको त्सोन्का हिची एकुलती एक मुलगी नेव्याना. ती स्पेनला, सारागोसाला, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या सेवेला गेली आणि तिथेच लग्न करून राहिली. जाताना आपला जुना कॉम्प्युटर आईबापाच्या बैठकीत मांडून गेली. संध्याकाळी ती त्यावर दिसायची. त्सोन्का सूपचा वाडगा घेऊन तिच्यासमोरच जेवायला बसायची आणि "तू काय खाल्लंस ते दाखव" म्हणायची.

जानेवारीत तो कॉम्प्युटर बिघडला. चालता चालता फट्‌दिशी बंद व्हायचा, किंवा आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद, पुन्हा सुरू. वेल्कोने डबा उघडला, आतली धूळ रंगाच्या कुंचल्याने झटकली, पंख्याला तेल दिलं, भिंतीतल्या विजेचा दाब मोजला. वीज ठीक होती. मग बाजारातल्या पेन्कोच्या दुकानात नेला. पेन्कोकडे तो दिवसभर सुरळीत चालला.

"काका, याला काहीच झालेलं नाही," पेन्को म्हणाला.

घरी आणला तर त्सोन्काने कोट काढायच्या आत बंद पडला. मग आम्ही तो खाली माझ्याकडे लावून पाहिला. माझ्याकडे तासभर चालला आणि बंद पडला. वेल्को माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून नुसता त्याच्याकडे बघत राहिला.

"आमच्या एक्स्चेंजमध्ये बिघाड झाला की तो आवाज करायचा," तो म्हणाला. "खट्‌ करायचा, नाहीतर करपल्याचा वास यायचा. हा काही बोलतच नाही, रुमेना."

फेब्रुवारीत नेव्यानाला सातव्या महिन्यातच मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. जावई ट्रक घेऊन फ्रान्समध्ये कुठेतरी अडकलेला. आजीआजोबांनी निघायचं तर त्सोन्काच्या मोडलेल्या पायाचं हाड नुकतंच जुळत होतं, आणि तिला एकटं टाकून वेल्कोला जाता येईना. मग उरला तो डबा.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे चीज भरून भाजलेली गरम बनित्सा घेऊन गेले होते. कॉम्प्युटर कसाबसा सुरू झाला होता आणि स्क्रीनवर नेव्याना आली. कोट अंगावरच, केस विंचरलेले नाहीत.

"मी लगेच परत दवाखान्यात जातेय," ती म्हणाली. "आई, ऐक. आत्ता डॉक्टरांनी बोलावलं होतं. ते म्हणतात की तिच्या हृदयात..."

स्क्रीन काळी झाली.

डब्यातला पंखा फिरत फिरत थांबला तेवढा ऐकू आला. मग त्सोन्का म्हणाली, "हृदयात काय?"

वेल्कोने आधी फोन उचलला. वाजला, वाजला, कुणी घेतला नाही. दुसऱ्यांदा लावला तर बंदच होता. बाळाच्या कक्षात जाताना फोन बंद करावा लागतो हे आम्हाला ठाऊक होतं. ती आत गेली असणार, आणि आपलं बोलणं पुरं पोचलं असंही तिला वाटलं असेल.

मग वेल्को डब्याला भिडला. झाकण काढलं, मेमरीच्या पट्ट्या उपसल्या, त्यांचे पितळी दात खोडरबराने घासले, पुन्हा बसवल्या. सुरू केला. सुरू होतानाचं ते खिडकीचं चित्र आलं आणि गेलं. एक पट्टी काढून पाहिली, मग ती बसवून दुसरी काढून पाहिली. सुरू करायचं बटण अडकत असेल म्हणून बटणच काढून टाकलं आणि दोन तारा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोडून दिल्या. तरी तेच. मी टॉर्च धरून उभी होते.

त्याने पेन्कोला फोन लावला.

"काका, बंद व्हायच्या आधी निळा पडदा येतो का?"

"येतो. पापणी लवायच्या आत जातो."

"त्याच्यावर लिहिलेलं असतं काय बिघडलंय ते. तेवढं वाचून सांगा मला."

"अरे, कसं वाचू? दिसतं न दिसतं तोच जातं."

"वाचायलाच हवं," पेन्को म्हणाला. "त्याशिवाय मी इथून काय सांगणार? मी बाहेरगावी अडकलोय, रस्ते बर्फाने बंद आहेत, नाहीतर आलो असतो."

मग आम्ही कामं वाटून घेतली. वेल्कोने वरच्या ओळी वाचायच्या, मी मधल्या, त्सोन्काने खालच्या. तिघं त्या स्क्रीनसमोर नाक लावून बसलो. सगळी अक्षरं परकी, इंग्रजी. आमच्या पिढीला शाळेत रशियन शिकवलेली, दुसरं काही नाही.

निळं आलं, गेलं.

"मला शून्य दिसलं," त्सोन्का म्हणाली.

"किती शून्यं?"

"पुष्कळ."

"पुष्कळ म्हणजे काय, त्सोन्का?"

"पुष्कळ म्हणजे पुष्कळ. तुला काय दिसलं ते सांग ना मग."

वेल्कोला काहीच दिसलं नव्हतं. त्याचा चष्मा श्वासाच्या वाफेने धुरकटला होता. पुन्हा सुरू केलं. मला मधे एक लांबलचक शब्द दिसला, त्याचं पहिलं अक्षर तेवढं ध्यानात राहिलं. पुन्हा केलं, तर ते अक्षर वेगळंच वाटलं. असं किती वेळा केलं कोण जाणे. बनित्सा टेबलावर गार झाली. शेवटी निळा पडदासुद्धा येईनासा झाला. तारा जोडल्या की पंखा हलायचा आणि थांबायचा, एवढंच.

"पुरे," त्सोन्का म्हणाली. "तो मेलाय, वेल्को. सोड त्याला."

"मेला असता तर पंखा हलला नसता."

"तू नीट करशील म्हणून ते पोर बरं होणार आहे का?"

हे तिच्या तोंडून निघून गेलं. वेल्कोने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर डॅन्यूबवर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्सोन्का कुबडी टेकत त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली. मी चहाला पाणी ठेवायचं निमित्त करून आत गेले.

अंधार पडता पडता फोन वाजला. नेव्यानाच होती.

"बाबा, मगाशी सांगितलं ना, तिच्या हृदयाजवळची एक नळी मिटायला हवी होती ती मिटलेली नाही. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. तुम्ही काही बोलला का नाहीत? मला वाटलं, आईला रडू फुटलं म्हणून तुम्ही बंद केलं."

"आम्ही बंद केलं नाही गं," एवढंच म्हणाला वेल्को.

सकाळी मी वर गेले तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसलेला होता, आणि कॉम्प्युटर चालू होता. उठल्यावर त्याने सहज तारा टेकवून पाहिल्या, तर सुरू झाला आणि चालूच राहिला. काल जे होतं तेच सगळं आत होतं. कुणी नवीन काही केलेलं नव्हतं.

"कसा काय?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक." त्याचे दोन्ही हात मांड्यांवर होते. टेबलाला धक्का लागू नये म्हणून खुर्ची मागे सरकवलेली. "हळू चाल, रुमेना. जमीन हलते."

स्क्रीनवर कुणीच नव्हतं. नेव्याना दवाखान्यात, तिथून ती यावर दिसणार कशी? हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तरी तो बसून राहिला. कॉफीही त्याने तिथेच घेतली, आणि कप टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिला.

जेवणवेळ टळून गेल्यावर ओट्यावरचा फोन वाजला. त्सोन्काने घेतला. तिने "हो, हो" केलं, मग भिंतीला टेकली.

"वेल्को, ये. ती बोलतेय. ये ना."

"तू सांग मला तिथूनच. मी उठलो तर हा बंद पडेल."

मी त्याच्याकडे बघितलं. तो अजिबात थट्टा करत नव्हता. जन्मभर तारा जोडलेला माणूस.

"ऑपरेशन झालं," त्सोन्का तिथून ओरडून सांगू लागली. "नळी बांधली. श्वास अजून मशीनवर आहे. डॉक्टर म्हणतात, आता वाट बघायची. अजून काही सांगता येत नाही म्हणतात."

वेल्कोने मान हलवली. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायलाही त्याने हात उचलला नाही.

"ती विचारतेय, बाबा काय करतायत?"

"तिला सांग," तो म्हणाला, "इकडे चालू आहे."