रिकामा फ्लॅश

सुदर्शन डुंबरे माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला नावं ठेवणार. ठेवा, पण सगळं ऐकून घ्या.

ओतूरला एसटी स्टँडसमोर त्याचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचा आपला. दहा बाय आठची खोली, मागं निळा पडदा, एक स्टूल आणि दोरीनं कंगवा बांधलेला आरसा. पासपोर्ट फोटोवर चहापाणी निघायचं, खरी कमाई लग्नसराईत. २००४ च्या उन्हाळ्यात त्याच्या गळ्यात जुना रोलचा कॅमेरा असायचा, आणि कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशच्या मागं एक बारीकसं बटण होतं. सगळं रामायण त्या बटणानं घडवलं.

ते बटण दाबलं की नुसता उजेड पडतो, फोटो निघत नाही. फ्लॅश चालतो की नाही हे बघायला कंपनीनं दिलेलं. पण सुदर्शनच्या ओळखीतल्या फोटोग्राफर मंडळींनी त्याचा दुसराच उपयोग शोधून काढला होता. लग्नाचा यजमान सांगणार तीन रोल, म्हणजे एकशे आठ फोटो, आणि मांडवात पावणे आलेले हजारभर. त्यातल्या प्रत्येकाला वाटतं आपला फोटो निघावा, नाही निघाला तर स्वारी रुसते आणि यजमान फोटोग्राफरवर डाफरतो. मग करायचं काय? कॅमेरा डोळ्याला लावायचा, 'इकडं बघा' म्हणायचं आणि मागचं बटण दाबायचं. उजेड पडला, पावणा खूश, रोल वाचला. ह्याला ते लोक 'रिकामा मारणं' म्हणत. खटका वाजत नाही, पण बँडच्या दणक्यात ते कुणाच्या ध्यानात येतंय. पुढं कुणी विचारलंच, तर तुमचे डोळे मिटले होते म्हणून मोकळं व्हायचं. सुदर्शननं असे किती रिकामे मारले असतील याला गणतीच नाही, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

वैशाखात डिंगोऱ्याला सावळेरामच्या पोरीचं लग्न होतं. सावळेराम चिक्कू. तीन रोलच्या वर एक जरी फोटो निघाला तरी मी बांधील नाही, असं त्यानं हळदीच्या दिवशीच बजावलं होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, तेव्हा सुदर्शनकडं नऊ फोटो उरले होते, आणि कन्यादान, सप्तपदी, पाठवणी सगळं बाकी. नेमकी तेव्हा मंडपाच्या कडेला दोन म्हातारी माणसं त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. एक डिंगोऱ्याचीच साळुबाई, दुसरा तिचा धाकटा भाऊ गेणभाऊ, अवसरी बुद्रुकचा. आईच्या कानातल्या बुगड्यांवरून दोघांचं फाटलं होतं, आणि नऊ वर्षं भाऊ बहिणीच्या दारात गेला नव्हता. हे सुदर्शनला मागाहून कळलं. त्या वेळी त्याला दिसले ते दोन फुकटे. शेजारी ना नवरा, ना नवरी.

"आमचा दोघांचा एक काढ, पोरा," गेणभाऊ म्हणाला.

सुदर्शननं कॅमेरा डोळ्याला लावला. डोळा तिथं, पण नजर सगळी बाजूनं स्टेजकडं, कारण तिथं कन्यादानाची जमवाजमव चालली होती आणि नऊ फोटो कसे पुरवायचे हाच घोर त्याला लागलेला. अंगठ्यानं मागचं बटण दाबलं, "निघाला" म्हणाला आणि स्टेजकडं पळाला.

तीन आठवड्यांनी गेणभाऊ गेला. सकाळी विहिरीवर मोटार चालू करायला गेला, छातीत कळ आली, आणि तिथंच बसला तो उठलाच नाही.

दशक्रिया झाल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी साळुबाई स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसली. तिला तो फोटो हवा होता. सुदर्शननं तिला ओळखलं, आपण रिकामा मारला होता तेही आठवलं. सांगून टाकायला पाहिजे होतं, तिथल्या तिथं. पण समोर भाऊ गेलेली बाई, काय सांगणार? फोटो लॅबला गेलाय, असं तो म्हणाला. पुढच्या बाजाराला लॅबवाला गावाला गेला. त्याच्या पुढच्या बाजाराला लॅबचं मशिन बिघडलं. थापा मारण्यात गडी पटाईत होता, पण ह्या थापा काही केल्या पचेनात. बाई चिडली असती तरी चाललं असतं. ती बसायची, पाणी प्यायची, पिशवीतली दोन वाळकं नाहीतर मेथीची जुडी काउंटरवर ठेवायची आणि बरं म्हणून जायची. बाजाराचा दिवस उजाडला की सुदर्शन सकाळपासून पायरीकडं बघत बसायचा.

श्रावणात ती म्हणाली, "आमचा दोघांचा त्यो एकच फोटू हाय बाबा. भाऊबीजेला पाटावर ठिवीन आन् ओवाळीन. नऊ वर्सं ऱ्हायलं ना माजं. तवर मिळंल न्हवं?"

"मिळेल मावशी," सुदर्शन म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता? पण त्या शब्दानं तो पुरता अडकला.

त्याच महिन्यात त्याच्या कॅमेऱ्याचं शटर गेलं. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होणार, त्याआधी कॅमेरा घेणं भाग होतं. घरात बावीस हजार होते. त्यात कॅमेरा आणि आरतीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, पिको-फॉलचं मशिन असं दोन्ही बसवायचं ठरलं होतं. आरतीनं त्या मशिनच्या भरवशावर शेजारच्या चार बायकांचं काम अगोदरच कबूल करून ठेवलं होतं.

तो जुन्नरला शफीभाईंकडं गेला. शफीभाई जुने फोटोग्राफर, सुदर्शन त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यांनी दोन कॅमेरे काढून काउंटरवर ठेवले. एक रोलचा, सेकंडहँड, पण दगडासारखा मजबूत, आठ हजार. दुसरा नवीन निघालेला डिजिटल, मुठीत मावेल एवढा, मेमरी कार्डासकट एकवीस हजार. शफीभाईंनी पोरगा समजून सगळं खरं खरं सांगितलं. एवढ्या पैशात येणारा डिजिटल अजून कच्चा आहे, संध्याकाळच्या उजेडात फोटो दाणेदार येतात, सेल तासाभरात मान टाकतो. आणि लग्नात लोक कॅमेऱ्याचं आकारमान बघून फोटोग्राफरची किंमत करतात, एवढासा डबा घेऊन गेलास तर सावळेरामासारखे तुला दारातून परत पाठवतील.

"आठवाला घे," ते म्हणाले. "बायकोचं मशिन पण येईल, आणि दोन वर्षांनी डिजिटल स्वस्त झाला की मग बघ."

बोलणं सोळा आणे खरं होतं. सुदर्शननं रोलचा कॅमेरा हातात घेतला. वजन ओळखीचं, खटका ओळखीचा. शफीभाईंनी त्यावर फ्लॅश बसवून दिला, आणि सुदर्शनचा अंगठा आपोआप मागच्या बटणावर गेला. अगदी आपोआप, कुणी न सांगता. त्याला स्वतःचीच शिसारी आली. हा कॅमेरा घेतला की प्रत्येक फोटोला पैसे पडणार, यजमान तीनच रोल म्हणणार, आणि आपण परत कुणाला तरी रिकामा मारणार. डिजिटलमध्ये फोटोला काही पडत नाही. ज्याला हवा त्याचा काढावा, शंभर काढावेत. त्यानं एकवीस हजार मोजले. शफीभाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिले, पण त्यांनी कारण विचारलं नाही.

आरतीनं विचारलं. आता जमाना डिजिटलचा आहे, असं काहीबाही त्यानं सांगितलं. ती वाद घालत बसली नाही. संध्याकाळी उठून चार घरी गेली आणि साड्या परत करून आली. एका बाईला फसवलं म्हणून कळवळणारा हा गडी, घरच्या बाईला खरं कारण सांगायला मात्र त्याची जीभ रेटेना.

बरं, कॅमेरा घेऊन साळुबाईचा फोटो थोडाच येणार होता? तो प्रश्न होता तिथंच. मग नारायणगावच्या लॅबमध्ये त्यानं कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग बघितलं. कुणाचंही धड कुणाच्याही शेजारी, मागं हवा तो देखावा. पोरांना काश्मीरच्या बर्फात उभं करून देत होते तिथं. सुदर्शनला वाटलं, देवानंच वाट दाखवली.

दसरा झाल्यावर तो अवसरीला गेला. गेणभाऊचा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला, टोपी सरळ, नजर करडी. मंडळाच्या कामाला जुन्या माणसांचे फोटो जमवतोय, अशी थाप त्यानं मारली. गेणभाऊची सून अंजना, तिनं हार काढून दिला, चहा टाकला. सुदर्शन फोटोचा फोटो काढत होता तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "तुमीच ना ते डिंगोऱ्याच्या लग्नातले फोटूवाले? मामंजी घरी आले ते हेच सांगत, साळूआत्याबरोबर फोटू काढून आलो. शेवटपर्यंत तेच चाललं व्हतं. त्याची एक कापी आमालाबी द्या."

त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला. देतो म्हणाला आणि निघाला. वाटेत मंचरच्या स्टँडवर दोन गाड्या आल्या नि गेल्या, हा आपला बाकावर बसून.

साळुबाईचा फोटो काढणं सोपं होतं. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा, निराधार पेन्शनच्या अर्जाला लागेल, असू द्या म्हणून त्यानं तिला निळ्या पडद्यापुढं उभं केलं. ती पदर सारखा करून ताठ उभी राहिली. ह्या वेळी त्यानं एक सोडून अकरा फोटो काढले. नारायणगावच्या लॅबमधल्या पोरानं दोघांना शेजारी शेजारी लावलं, मागं मंडपाची झालर टाकली, सावल्या जुळवल्या. काम झकास झालं होतं. कुणाचा बाप ओळखणार नाही, असं तो पोरगा म्हणाला.

भाऊबीजेच्या तीन दिवस आधी साळुबाई आली. सुदर्शननं फ्रेम करून ठेवलेला फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ आणला, पदरानं काच पुसली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते बघून सुदर्शनला सहा महिन्यांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला. मग ते हसू हळूहळू उतरलं.

"गेणू हाय," ती म्हणाली. "मीबी हाय. पर ह्यो त्यो न्हाई."

त्यानं सावरायला बघितलं. कॉम्प्युटरवर जरा साफ केलाय मावशी, म्हणून वेगळा वाटतोय, असं काहीतरी. ती त्याचं ऐकतच नव्हती.

"तू क्यामेरा डोळ्याला लावलास, तवा गेणूनं माजा हात धरला. नऊ वर्सांनी. मला रडू फुटलं, ते बघून त्योबी रडाया लागला. लई रडला रे, ल्हान पोरावानी. तोंड पुसायचीबी सुद न्हाई. मी मनात म्हनलं, आता फोटूत दोघंबी रडकी येनार." तिनं मान वर केली. "तुज्याकडं तोंड करूनच उभं व्हतो आमी. तुला दिसलं न्हाई?"

फोटो काढला नाही हे पाप त्यानं सहा महिने वागवलं होतं. पण समोर दोन माणसं हात धरून रडत होती आणि आपण बघितलंसुद्धा नाही, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"नाही मावशी," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही. फोटो पण काढला नाही. नुसता उजेड पाडला."

मग त्यानं सगळं सांगितलं. बटण, तीन रोल, नऊ फोटो, अवसरी, नारायणगाव. सांगताना त्याचं नाक वाहायला लागलं. साळुबाई पायरीवर बसून ऐकत होती. बाजारातून एक ओळखीची बाई हाक मारत गेली, तिला साळुबाईनं नुसता हात केला. बोलणं संपलं तेव्हा ती फोटोची काच पुन्हा पदरानं पुसत होती.

"मला काहीतरी बोला मावशी," तो म्हणाला.

"तुला बोलून गेणू फोटूत येतोय व्हय?" ती गुडघ्यावर हात टेकून उठली. फ्रेम पिशवीत, भाजीच्या वर, नीट आडवी ठेवली. "हे अवसरीला बोलू नगंस. तिकडं वाटतंय, बाप जाताना भनीशी ग्वाड झाला, त्याचा फोटू हाय. ह्याचीच कापी दे अंजनाला. भाऊबीजेला गेणूची पोरं माज्याकडं यायची हायेत, रडल्याचंबी त्यानं घरी सांगितलं आसंल. फोटूत रडत का न्हाई इचारलं तर मी सांगीन, फोटूवाल्यानं डोळं पुसाया लावलं म्हणून."

ती स्टँडच्या गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत सुदर्शन दारात उभा होता. शिव्या खायची त्यानं तयारी केली होती, माफी मागायचीही केली होती. आपल्या थापेसाठी सत्तरीची बाई आता आपल्याच भाच्यांशी खोटं बोलणार, ह्याची नव्हती केली.