आषाढातली भरलेली कणगी

नवरा, नवसू, वैशाखात वारला. तेव्हापासून बाईजाची कामं होत होती, पण आपण ती करतोय असं तिला वाटत नव्हतं. चूल पेटायची, गोठा निघायचा, भाताच्या आवणीच्या रांगेत तिचे हात इतर बायांच्या बरोबरीनं चालायचे. विहिरीतून पाणी शेंदावं आणि दोराचा काच हाताला कळूच नये, तसं झालं होतं. बाया म्हणायच्या, "रड गो एकदाची, मोकळी हो." ती नुसती मान हलवायची.

सापगावच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. गावच्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. तीन वर्षांमागं मुंबईच्या एका संस्थेनं मंडळाला लहानशी मदत दिली होती. त्यातून बायांनी भात घेतलं आणि बालवाडीच्या मागच्या खोलीत एक थोरली कणगी भरून ठेवली. आषाढ-श्रावणात घरातलं सरलं की इथून न्यायचं आणि कापणी झाली की पायलीला सव्वा पायली परत घालायची. दुकानदार दीड घ्यायचा, आणि वर बोलायचा ते वेगळंच. गावात या कणगीला सगळे 'बँक' म्हणत.

यंदा दुसरी मदत मागितली होती ती ओढ्यापल्याडच्या वाडीसाठी. तिथं बाळी राहायची. बाळीच्या घरात आषाढात काही उरत नसे. मग वीटभट्टीवाल्याचा माणूस यायचा, हातावर उचल ठेवायचा, आणि दिवाळी झाली की नवरा-बायको पोरांसकट भट्टीवर. तिची भिमी दुसरीत होती. गेल्या वर्षी पहिलीतली निम्मी शाळा तिनं विटांच्या थरांतच काढली. बाईजा चैत्रात बाळीला म्हणाली होती, "यंदा तुझ्या वाडीतबी कणगी उभी करू. माझा शब्द." तेव्हा नवसू होता, आणि तिच्या शब्दाला वजन आहे असं तिला स्वतःलाही वाटत होतं.

संस्थेतून पल्लवीताई बघायला येणार, असा निरोप आला. बालवाडीच्या बाई वंदना, मंडळाचा सगळा कागद त्यांच्याकडं. पण त्यांना नेमकं त्याच दिवशी मुरबाडला शिबिराला जायचं होतं. जाताना त्या म्हणाल्या, "काय असेल ते दाखवा, विचारतील ते सांगा." सोपं काम.

पण गावाला ते सोपं कसं असेल? कणगी तळाला गेलेली. भात घरोघर गेलं होतं, आणि त्यासाठीच तर ती होती. आदल्या दिवशी गोजर, बाईजाची थोरली जाऊ, खोलीत डोकावली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"अगो, हे काय? पाहुणी यायची आन् कणगीचा तळ दिसतोय? लक्ष्मीच्या घरात असं उघडं दाखवतात काय?"

"नेलंय ना बायांनी," कुणीतरी म्हणालं.

"नेलंय तं आणा. एका दिसासाठी. आपल्या सोयऱ्यांना मी कधी रिकामी परडी दाखवली नाय, मुंबईवालीला कशी दाखवू?"

आणि बायांनी आणलं. ज्यांच्या घरात दोन पायल्या उरल्या होत्या त्यांनी दोन, ज्यांच्या घरात शेर होता त्यांनी शेर. तरी कणगी भरेना, म्हणून खाली पेंढा दाबून भरला आणि वर भात पसरलं. कुणालाच त्यात खोटं वाटलं नाही. लग्नात शेजारणीच्या पाटल्या घालतो, तसं. बाईजा सगळं बघत होती. हे बरोबर नाही असं तिला वाटलंही असेल, पण ते वाटणं फार लांब होतं.

पल्लवीताई आल्या. तरुण, चपलेला चिखल, चेहरा हसरा. त्यांनी कणगीत हात घातला, ओंजळभर भात वर काढलं आणि खूश झाल्या. मग जरा थांबून बाईजाकडं वळल्या.

"मावशी, आषाढ संपत आला तरी एवढं शिल्लक? लोकांना लागत नाही का?"

बाळीही आली होती, दाराशी उभी. खोलीतल्या सगळ्यांनी बाईजाकडं पाहिलं. ती अध्यक्ष. उत्तर तिला माहीत होतं. पण आतून कुणी उठून तोंडापर्यंत आलंच नाही.

"देवाच्या दयेनं काय कमी नाय बघा!" गोजर म्हणाली, आणि चहा आला.

संध्याकाळी बायांनी आपापलं भात मोजून घरी नेलं. बाळी ओढा ओलांडून गेली.

श्रावणात पत्र आलं. वंदनाबाईंनी वाचून दाखवलं. आपल्या गावात धान्याची टंचाई राहिली नाही हे पाहून आनंद झाला, म्हणून यंदाची मदत मुरबाडकडच्या जास्त गरजू गावाला दिली आहे.

वंदनाबाईंनी पत्र खाली ठेवलं. "मी एक दिवस गेले. एक दिवस! आषाढात भरलेली बँक म्हणजे बंद पडलेली बँक, एवढं कळू नये?"

"मंग काय पाहुणीला तळ दाखवायचा व्हता?" गोजर म्हणाली, पण आवाज तिचाही उतरला होता.

बाईजानं पत्र घेतलं, घडी घातली आणि कनवटीला खोचलं. तिला वाईटही वाटलं नाही. त्याचीच तिला थोडी भीती वाटली.

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी देवळात काल्याचं कीर्तन होतं. गोजरनं तिला हाताला धरून नेलं. टाळ लागले, मृदंग बोलू लागला. बुवांचा आवाज बसलेला, पण गोड. ते म्हणाले, "अरे, भरली ओंजळ घेऊन देवापुढं उभा राहतोस, मग तो घालील कुठं? लाज धरू नको. हात रिकामे आहेत ना? मग तसेच पुढं कर." माणसं डोलत होती. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. बाईजाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तेवढंच तिला कळत होतं. काल्याचे पोहे तिनं खाल्ले, चव लागली नाही. पण सकाळी उठली तर ते वाक्य उंबऱ्याशी येऊन बसल्यासारखं होतं, आणि त्याला ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं.

ती ओढा ओलांडून बाळीकडं गेली. बाळी अळूची पानं चिरत होती.

"बाळे, मला इचारलं तवा मी बोलले नाय."

"मी व्हते ना तिथं. पायलं मी."

"शहापूरला चल. फोन करू."

"भट्टीवाला परवाच येऊन गेला गो बाय. उचल घेतली भिमीच्या बापानं."

"तरी चल."

दोघी टमटमनं शहापूरला आल्या. एसटीडीच्या काचेच्या खोक्यात जेमतेम मावल्या. पत्राच्या माथ्यावरचा नंबर बूथवाल्यानं फिरवून दिला. पल्लवीताईंचा आवाज आला.

"ताई, मी बाईजा. कणगी रिकामी व्हती. खाली पेंढा व्हता. वरचं भात बायांनी घरातनं आणलेलं. तुमी इचारलं, मी सांगितलं नाय."

ताईंनी विचारलं, "का हो मावशी?"

"लाज वाटली आमाला."

पल्लवीताई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, पैसे त्या दुसऱ्या गावाला पोचलेसुद्धा, तिथल्या बायांनी धान्य भरलं, आता ते परत घेता येणार नाही. मार्चमध्ये नवा अर्ज करा, मी स्वतः येईन, कणगी असेल तशी दाखवा.

"नका घेऊ परत," बाईजा म्हणाली. "त्यांनाबी पोरं असतील."

बाहेर रिमझिम होती. दोघी एसटी स्टँडच्या पत्र्याखाली उभ्या राहिल्या. बाळीनं पदर डोक्यावर ओढला.

"मंग जातो भट्टीवर. नवीन काय त्यात."

बाईजा रस्त्याकडं बघत होती. तीन-चार महिन्यांत तिनं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. मागावंसं वाटलंच नव्हतं.

"भिमीला ठेव माझ्याकडं," ती म्हणाली. "शाळा तरी व्हईल तिची."

बाळीनं वळून तिच्याकडं नीट पाहिलं, चेष्टा करतेय की काय असं.

"लय खाते ती."

"खाऊ दे."

"आन् झोपेत लाथा मारते."

"मारू दे गो," बाईजा म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच चिरला. टमटम आली, तेव्हा बाळीनं बाईजाला आधी चढू दिलं.