हद्दीचा दगड आणि वीस पावलं

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. दोन शेतांच्या मधल्या बांधावर उभा, गुडघ्याइतका उंच, डोक्यावर छिन्नीनं कोरलेली फुली. मित्रांनो, तुमच्यातली काही मुलं माझ्यावर बसून शेंगा सोलतात आणि टरफलं तिथंच टाकून जातात. टाका. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार एकाच माणसाबद्दल आहे, आणि आज मी ती सगळी सांगणार आहे.

माझा जन्म खाणीतला. पाथरवटानं चार दिवस ठोकून मला चौकोनी केलं आणि माझ्या धन्याच्या बापाच्या हवाली केलं. "याला एकच काम," पाथरवट म्हणाला, "ठेवला तिथं राहायचं." बापानं मला बांधावर पुरलं, माती दाबली, आणि पोराला विहिरीपासून माझ्यापर्यंत पावलं मोजत यायला सांगितलं. पोरगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. पावलं भरली एकशे ऐंशी. तोच माझा धनी. पुढं गाव त्याला मेजर म्हणायला लागलं, पण तो कधी मेजर नव्हता, साधा शिपाई होता.

तो लढाईवर गेला. त्याचं काम सुरुंग काढायचं. शत्रूनं रस्त्यात, शेतात, पुलाजवळ पुरलेले सुरुंग शोधायचे, एखाद्या पक्क्या खुणेपासून पावलं मोजून वाट आखायची, आणि बाकीच्यांनी त्याच वाटेनं मागून यायचं. एक पाऊल चुकलं की माणूस संपला. हे सगळं तो नंतर माझ्या शेजारी बसून बायकोला सांगायचा, म्हणून मला माहीत.

तो तिकडं असताना इकडं त्याचा बाप वारला. मालकीण, म्हणजे धन्याची बायको, बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. शेत रिकामं, घर कुलूपबंद. आणि पलीकडच्या शेताचा मालक, म्हणजे धन्याचा धाकटा चुलतभाऊ, भर दुपारी पहार घेऊन आला. त्यानं मला उपटलं, विहिरीच्या दिशेनं वीस पावलं आणून परत पुरलं. जुना बांध नांगरून टाकला, नवा घातला, आणि बांधावर एक झाड होतं तेही तोडून सरपण करून टाकलं. शेतातली सगळ्यात कसदार माती त्या वीस पावलांत होती. ओल धरून ठेवणारी, काळी. धाकट्याला ते चांगलं ठाऊक होतं. मित्रांनो, माझ्या अंगावर काटा येत नाही म्हणून, नाहीतर त्या दिवशी आला असता. ज्याला एकच काम दिलं होतं, त्याच्याकडून तेही झालं नाही.

मालकीण परत आली आणि पहिल्याच खुरपणीला तिला कळलं. "आपल्या सऱ्या कमी कशा भरतात?" ती बांधावर येऊन म्हणाली.

"वहिनी, माहेरचं तूप खाऊन नजर मंदावली वाटतं," धाकटा हसला. "दादा येऊ दे. तो मोजेल."

दादा आला सहा वर्षांनी. डावा पाय दोन बोटं आखूड झालेला आणि मांडीत लोखंडाचा तुकडा राहून गेलेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तो विहिरीपासून लंगडत, मोजत माझ्याकडं आला. मी वाट बघत होतो. म्हटलं, आता सापडेल चोर. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे एकोणऐंशी, एकशे ऐंशी. बरोब्बर माझ्यासमोर. लंगड्या माणसाचं पाऊल आखूड पडतं हो. वीस पावलांची जमीन गेली होती, ती त्या आखूड पावलांनी भरून काढली. धन्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाप गेला, पाय गेला. तू तेवढा जागेवर आहेस." आयुष्यात माझं एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते ऐकताना मला फुटून जावंसं वाटलं.

मालकिणीनं सऱ्यांचं सांगितलं तेव्हा तो चिडला. "अगं, या पावलांवर भरवसा ठेवून माणसं माझ्या मागून चालली. एकही मेला नाही. ती पावलं खोटी आणि तुझ्या सऱ्या खऱ्या?"

"मी कुठं तुमच्या पावलांना नावं ठेवतेय? मी सऱ्या मोजतेय."

 मग तिनं विषय सोडला. पण दर खुरपणीला ती शेवटच्या सरीपर्यंत मोठ्यानं आकडा म्हणत यायची, मला ऐकू येईल असा.

धाकटा मात्र मजेत होता. दुपारी माझ्यावर बसून भाकरी खायचा आणि खरकटे हात माझ्या फुलीला पुसायचा. मी दगड. मला येऊन येऊन काय येतं? ठेच. तेवढी मी भरभरून दिली. अकरा वर्षांत त्याच्या अंगठ्याचं नख दोनदा काढलं आणि नांगराचे तीन फाळ मोडले. तो शिव्या घालायचा, मला बरं वाटायचं. पण त्यानं जमीन परत येत नाही.

मग बाजारातल्या चांभारानं धन्याची चाल बघितली आणि एका पायाचा बूट दोन बोटं उंच करून दिला. धनी सरळ चालायला लागला. खुशीत विहिरीपासून मोजत आला तो एकशे साठाला माझ्यावर आदळला. परत गेला, परत आला. एकशे साठ. बूट काढला, लंगडत आला. एकशे ऐंशी. तो तिथंच मातीत बसला. मग हातातली काठी त्यानं माझ्या डोक्यात घातली. "तूसुद्धा फितूर," म्हणाला. माझा टवका उडाला. तो अजून दिसतो, बघून घ्या.

संध्याकाळी त्यानं मालकिणीला बांधावर आणलं. "तुझ्या सऱ्या खऱ्या होत्या."

"अकरा वर्षं सांगतेय," ती म्हणाली. "बुटाचं ऐकलंत, बायकोचं नाही ऐकलंत." मग म्हणाली, "चला, दगड मागं नेऊ."

"नाही. ज्यानं आणला तोच नेईल. स्वतःच्या खांद्यावर."

धन्यानं आधी धाकट्याला बांधावर चारचौघांत सरळ विचारलं. जुने साक्षीदार मरून गेले होते, कागद कुणाकडंच नव्हता. धाकटा हसून म्हणाला, "दादा, लंगड्याच्या पावलांचा हिशेब कोण धरणार?" लोकही हसले. धनी काठी टेकत तिथून निघाला. पण मी त्याचा चेहरा बघितला, आणि मला वाटलं, आता हा माणूस माझ्या जातीचा झाला.

पेरणीच्या आधी, भर दिवसा, सगळ्या गावादेखत त्यानं त्या वीस पावलांच्या पट्टीला चारी बाजूंनी दोरी बांधली. दोरीला हातहात अंतरावर लाल फडकी लावली. मग फावडं घेऊन आत शिरला आणि दिवस मावळेपर्यंत ठिकठिकाणी खणत आणि बुजवत राहिला. कुणाशी एक शब्द बोलला नाही. तो लढाईत काय काम करायचा ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

धाकटा बियाणं घेऊन आला आणि दोरीशी थांबला. "दादा, काय पुरलंत?"

"जमीन तुझी आहे ना? मग चालून बघ."

धाकटा चालला नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. त्याची लाडकी काळी माती गवतानं भरली. त्यानं पोलिसात तक्रार दिली. हवालदार दोरीपर्यंत आला, टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. "काय हो मेजर, काही पुरलंय का?" त्यानं विचारलं. धनी म्हणाला, "मी पुरलं म्हणालो का? मी दोरी बांधली." हवालदार वर कळवतो म्हणून गेला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची होती. धाकटा रोज यायचा, दोरीशी उभा राहायचा, आणि दिवसेंदिवस वाळत चालला होता.

पण धन्याच्या मांडीतलं लोखंड सरकलं. ताप यायला लागला. दुपारी तो मला पाठ टेकून बसायचा. माझ्यावरचा राग गेला होता की दुसरी जागा नव्हती म्हणून, ते मला कळलं नाही, आणि विचारता आलं नाही. एक दिवस मालकीण जेवण घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. तिनं त्याचे डोळे मिटले, तो उंच बूट पायातून काढला, आणि मग गावातल्या लोकांना हाक मारली. धाकटा आला. खूप रडला. रडताना पाय दोरीच्या बाहेर राहील याची काळजी घेत होता.

महिन्याभरानं हवालदाराला बरोबर घेऊन सुरुंग काढणारं पथक आलं. त्यांची साहेब एक तरुण बाई होती. तिनं सगळ्यांना गोळा केलं. "आमच्यातला माणूस काही पुरतो तेव्हा पक्क्या खुणेपासून मोजून पुरतो. इथली पक्की खूण कोणती?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"हा दगड कधी हलला नाही ना? हलला असेल तर आमची मोजणी चुकेल आणि माझी माणसं मरतील."

मालकीण शांतपणे म्हणाली, "ते यांना विचारा. त्या वेळी मी माहेरी होते."

सगळे धाकट्याकडं बघायला लागले. "नाही हलला," तो म्हणाला.

"छान," साहेबबाई म्हणाली. "मग या दगडापासून तुम्ही आमच्या पुढं चला."

धाकट्यानं दोरीपर्यंत एक पाऊल टाकलं आणि ते मागं घेतलं. "हलला आहे," तो म्हणाला. "मीच हलवला. ही पट्टी दादाची." साहेबबाईनं ते लिहून घेतलं, सही घेतली, हवालदाराची साक्ष घेतली.

"आता जागेवर नेऊन ठेवा, भावजी," मालकीण म्हणाली. "तुमचे दादा मोजायचे ते जुन्या जागेपासूनच; खूण तिथं असली म्हणजे बाईंना मोजता येईल."

मला त्यानंच उपटलं. खांद्यावर घेतलं, दोरीच्या बाहेरून लांबचा फेरा घालून निघाला. मी किती जड असू शकतो ते मी त्याला त्या दिवशी दाखवलं. तीनदा टेकला. गाव बघत होतं, कुणी हात लावला नाही. जुनी जागा त्याला बोटभरही चुकली नाही. खड्डा त्यानंच खणला, माती त्यानंच दाबली.

पथकानं यंत्रं बाहेर काढली. तेवढ्यात मालकिणीनं दोरी उचलली आणि अनवाणी त्या गवतात शिरली. साहेबबाई ओरडली, लोक मागं सरले. मालकीण सरळ चालत पट्टी ओलांडून माझ्यापाशी आली, धाकट्यासमोर उभी राहिली.

"यात काही नाही, भावजी," ती म्हणाली. "तुमच्या दादांनी जन्मभर पुरलेलं काढलं. त्यांच्या हातून एक खडासुद्धा पुरला गेला नसता. तुम्ही त्यांना एवढंसुद्धा ओळखलं नाहीत."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी क्षमेबद्दल चार शब्द बोलायची पद्धत आहे. मला ते जमणार नाही. धन्यानं शेवटची पाठ टेकली तेव्हा मी चोराच्या जागी उभा होतो, आणि हे मी धाकट्याला कधी माफ करणार नाही. तुमच्याकडं एकच मागणं आहे. माझ्याभोवतीचं गवत काढत जा, म्हणजे मी सगळ्यांना दिसत राहीन. आणि कुणी असा दगड हलवताना दिसला तर त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. मी एकोणीस वर्षं गप्प राहिलो, कारण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.